हौदावरचं पाणी

नळवाला दुसऱ्यांदा येऊन गेला, तरी मागच्या खोलीची भिंत ओलीच राहिली. त्याने मोरीजवळची फरशी उचलून पाहिली, पाइप ठोकून पाहिला, भिंतीला कान लावून बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला, आणि शेवटी हत्यारं पिशवीत भरता भरता थोरल्याला म्हणाला, "तुमची लाइन ठणठणीत आहे. घरात पाणी येतंय कुठून, ते आता तुम्हीच शोधा." पैसे मात्र त्याने गळती सापडल्यासारखे घेतले.

तो गेल्यावर थोरल्याने भिंतीवर तळहात टेकवला, हुंगला आणि पँटला पुसला.

"उद्या ती इमारतवाली बाई येतेय," तो धाकटीला म्हणाला. "तिला या खोलीत आणू नकोस. आपल्याच घराला ओल, आणि निघालो गावाचं तारघर वाळवायला."

धाकटीने उत्तर दिलं नाही. बाबा गेल्यापासून बहीण-भावात एक न बोललेला करार होता. ज्या वाक्याला उत्तर दिलं तर भांडण होईल, ते वाक्य ऐकूच आलं नाही असं समजायचं. त्यामुळे घर शांत होतं आणि दिवसातली निम्मी वाक्यं वाया जात होती.

उद्याच्या भेटीवर काय अडलं आहे ते घरात सगळ्यांना पाठ होतं. चौकातली ती घुमटाची इमारत, तारघर, तारा बंद झाल्यापासून रिकामी पडली होती. नगरपालिकेला ती सांभाळणं परवडत नव्हतं आणि पाडायला कोणी पुढे होत नव्हतं. मग दूरच्या शहरातल्या एका विश्वस्त संस्थेने कळवलं, दुरुस्तीचा निम्मा खर्च आम्ही देतो, निम्मा गावाने उभा करावा. रोख नसेल तर माल द्या, मजुरी द्या, आम्ही त्याचा भाव धरू. महिनाअखेरपर्यंत जमलं तर खाली वाचनालय येणार होतं आणि वर शाळा सुटल्यावर मुलांना आणि दुपारी म्हाताऱ्यांना टेकायला जागा होणार होती. नाही जमलं तर संस्था आपली थैली दुसऱ्या गावी नेणार होती आणि पालिका ती जागा विकून मोकळी होणार होती.

धाकटी वाचनालयात ग्रंथपाल, म्हणून समितीची चिटणीसही तीच झाली. आधी लोक हसले. मग एकेक जण पुढे आला. वखारवाल्याने लाकूड दिलं. चष्मेवाल्याने खिडक्यांच्या काचा दिल्या. एवढी मोठी काच आपण जन्मात पहिल्यांदाच बसवणार, असं तो येईल त्याला सांगत होता. सुतारांनी आपले रविवार दिले. न्हाव्याने एका खुर्चीची कमाई दिली, तर गिऱ्हाइकं त्याच खुर्चीसाठी ताटकळू लागली आणि दुसरी रिकामी राहिली. असं करत करत सगळं होत आलं. राहिला फक्त घुमट.

घुमटाला आतून चुन्याचा गिलावा लागणार होता, आणि तोही वर्षानुवर्षं मुरलेल्या चुन्याचा. तसा चुना बाहेरून आणायचा तर त्याचा भाव ऐकूनच समितीचे खजिनदार पाणी मागत होते. आणि आसपास तसा चुना एकाच ठिकाणी होता. या घराच्या परसात, बाबांच्या हौदात.

हौद आजोबांनी जमिनीत बांधून घेतलेला होता, मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, तो खदखदून शांत झाला की हौदात सोडायचा आणि त्यावर कायम वीतभर पाणी राखायचं. पाण्याखाली तो जितका मुरेल तितका गुणी. वारा लागला की मेला. आजोबांनी विरवलेला चुना बाबांनी वापरायचा, बाबांनी विरवलेला पुढच्यांनी, असा या गवंड्यांच्या घराचा रिवाज. हौद तळापर्यंत कधी उपसायचा नाही. विरजणापुरता चुना मागे ठेवायचा आणि त्यावर नवा घालायचा. आमचं घराणं तीन पिढ्या गावाला चुना लावतंय, असं बाबा पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचे. पण पुढच्यांपैकी थोरला सिमेंटचा व्यापारी झाला आणि धाकटी पुस्तकांत गेली. हौद भरलेलाच राहिला.

त्याच्यावर जाड फळ्यांचं झाकण होतं आणि झाकणात हात जाईल एवढी झडप. रोज सकाळी बाबा त्या झडपेतून पाणी ओतायचे, मान तिरकी करून आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायचे आणि मध्येच थांबायचे. ते काय ऐकतात हे कधी कोणी विचारलं नाही. मुलं तिथे घुटमळली, कोणी चुन्याला नुसतं बोट लावलं, की बाबा एकच वाक्य बोलायचे. "हात धू आधी." ओरडून नाही, दमात घेऊन नाही. तापात कपाळावर हात ठेवणारे बाबा नव्हते, पास झाल्यावर पाठ थोपटणारेही नव्हते. त्यांच्याकडे हे एकच वाक्य होतं आणि ते त्यांनी दोन्ही मुलांना सारखं वाटलं.

बाबा गेले, आणि पाहुणे पांगले त्याच संध्याकाळी थोरल्याने सांगून टाकलं, हौदावर आता कोणी पाणी घालायचं नाही. परसाला लागून गॅरेज होतं. गॅरेजवाल्याला गाड्या लावायला जागा विकत हवी होती, पण हौद रिकामा करून. वाळला की खणायला सोपा, म्हणून वाळू द्यायचा. आत्या त्याच्या बाजूने होती. परस तिघांच्या नावावर होतं, आत्याच्या, थोरल्याच्या आणि धाकटीच्या, आणि तिघांच्या सह्यांशिवाय ते इकडे किंवा तिकडे जाणार नव्हतं.

धाकटीने तेव्हाही उत्तर दिलं नव्हतं. पण वाचनालयातून परतल्यावर दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने ती परसात जायची आणि मोठी बरणी भरून झडपेतून ओतायची. बरणी रिकामी व्हायला जेवढा वेळ लागे तेवढाच वेळ तिला दिवसभरात बाबांची आठवण नीट येत असे. बाकी वेळ समितीचा होता. ऊन वाढू लागलं तशी तिला धास्ती वाटू लागली की एक बरणी पुरत नसणार. पण दुसरी भरायला गेलं तर नळाचा आवाज माजघरापर्यंत जायचा.

रविवारी दुपारी संस्थेच्या बाई आल्या. धुळीने भरलेले बूट त्यांनी दाराबाहेर झटकले, सगळ्यांना नमस्कार केला आणि कागद न उघडता आधी चहा घेतला. हे आत्याला आवडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"म्हणजे तुम्ही त्या थडग्यात जीव घालणार," आत्या म्हणाली.

तारघराला गावात असं म्हणू शकणारी तीच एक होती. तारा घेण्याच्या टेबलाशी तिची सगळी नोकरी झाली होती. अजूनही जुनी माणसं तिला तारआत्याच म्हणत.

"त्या घुमटाखाली मी हयात काढली," तिने बाईंना समजावून सांगितलं. "गावात कोण गेलं हे घरच्यांच्या आधी मला कळायचं. मी समोरून आले की माणसं रस्ता ओलांडायची. माझ्या भावाच्या हातात चुना, म्हणून त्याला सगळे घरात बोलवायचे. मला बघून दार लावायचे."

"आनंदाच्या तारा येत नसत?" बाईंनी विचारलं.

"यायच्या की. पण आनंदाला पत्रही चालतं हो. घाई मरणालाच."

वहिनीला हसू आलं ते तिने कपबशा उचलण्यात लपवलं. वहिनी या घरात फार बोलत नसे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं तिनेच केलं होतं, आणि ते गेल्यावर लोक धाकटीचं आणि थोरल्याचं सांत्वन करून गेले तेव्हा चहाही तिनेच केला होता.

मग थोरल्याने आपली बाजू मांडली. तो मुद्देसूद बोलला, गिऱ्हाइकाला दर सांगावा तसा. घराचं छप्पर यंदा निघणार आहे. आत्याच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. मागची भिंत तर तुम्ही बघूच नका. गॅरेजवाला चांगले पैसे देतोय आणि दोन वर्षांनी तेवढेच देईल असं नाही. गावाचं भलं व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण आधी घर की आधी चौक? हे विचारताना तो बाईंकडे पाहत होता आणि प्रश्न धाकटीला होता.

धाकटी म्हणाली, "बाबांनी तो चुना गाड्या लावायला मुरवला नव्हता, दादा."

"बाबांनी तो कशालाच मुरवला नव्हता. त्यांना मुरवायचीच सवय होती." थोरला म्हणाला. "तुझी पुस्तकं भाड्याच्या माडीवर पावसात भिजतात, तुला जागा हवी. सरळ म्हण ना."

"हवीच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?"

करार मोडला होता. आत्याने स्टुलावरचे पाय हलवले. बाईंना वाटलं आपण विषय बदलावा, म्हणून त्या इमारतीकडे वळल्या आणि त्यांनी नेमकी नको तिथे कुदळ मारली. म्हणाल्या, घुमट खरं तर अजून शंभर वर्षं हलला नसता. मूळ काम फार सुरेख आहे, अंड्याच्या कवचासारखं. पण मध्ये कधीतरी कुणा शहाण्याने त्यावर सिमेंटचा लेप दिला. चुन्याची भिंत श्वास घेते. वरून सिमेंट आलं की ओल आत कोंडते आणि आतल्या आत सगळं सोडवत नेते. लेप तर पडलाच, पण पडताना खालचा जुना गिलावाही घेऊन पडला.

वहिनी हातात कपबशा घेऊन दारातच उभी राहिली.

"तो शहाणा मीच," थोरला म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. त्या काहीतरी सावरायला गेल्या, पण थोरल्याने हाताने थांबवलं. तो रागावला नव्हता. एखादी जड गोणी एकदाची खाली ठेवावी तसा तो बोलत होता.

"दुकान उघडून महिना झाला नव्हता. पालिकेची ऑर्डर आली, माझी पहिली. ठेकेदाराला माणसं मीच मिळवून दिली. गोण्या उतरवताना बाबा चौकात उभे होते, सगळं बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात लेप खाली आला तेव्हाही नाही बोलले. चौकात उभं करून शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ते घरी आले, बादली घेतली आणि हौदावर पाणी घालायला गेले." त्याने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "तेव्हापासून रोज सकाळी ते पाणी ओतायचे आणि मला वाटायचं, मलाच ऐकवतायत."

धाकटी भावाकडे पाहत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. लेप पडला तेव्हा ती शिकायला बाहेरगावी होती. तिच्या लेखी दादाला हौद नको होता कारण दादा व्यापारी होता. एवढं सोपं उत्तर तिने इतकी वर्षं बाळगलं होतं, आणि वर स्वतःला वाचणारी समजत होती.

"आणि आता हे सगळं बोलून उपयोग काय?" थोरला उठला. "बाबा गेल्यापासून त्या हौदावर थेंब पडलेला नाही. मीच बंद केलं. चुना मेलाय. बाईंना उगाच आशेवर ठेवू नका. चला, दाखवतो."

सगळे परसात आले. आत्यासुद्धा आली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. धाकटीच्या डोळ्यांसमोर तिची एक बरणी आणि हे ऊन. चुना वरून तडकला असेल, कडेने सुटला असेल. आपण रोज पाणी घातलं म्हणून तो आपल्यासाठी जिवंत राहील असं ती धरून चालली होती, आणि आता पहिल्यांदाच तिला कळलं की तसं असायलाच हवं असं काही नाही.

थोरल्याने एका बाजूची फळी धरली, बाईंनी दुसऱ्या बाजूची. ओलीने फुगलेली फळी हलेना. दोघांनी जोर लावला तशी ती एकदम सुटली आणि खालून पाणी उसळून थोरल्याच्या बुटांवर आलं.

हौद काठोकाठ भरला होता. वीतभर नाही, चुन्यावर चांगलं हातभर पाणी होतं. खोलीकडच्या बाजूला काठ किंचित खचला होता आणि तिथून बारीक धार भिंतीच्या पायात उतरत होती, न थांबता, नळवाल्याने भिंतीला कान लावून जे ऐकलं नव्हतं ते.

धाकटी काठाशी जाऊन वाकली.

"मी घालत होते," धाकटी म्हणाली. "रोज. एक बरणी."

थोरल्याने हौदाची लांबीरुंदी नजरेने मापली. मालाचा अंदाज घेणं त्याचा धंदाच होता. "एका बरणीने हे होत नाही."

मग वहिनी बोलली. ती नवऱ्याकडे नाही, पाण्याकडे पाहत होती. "मामंजी रोज विचारायचे, हौद प्यायला का? उठवत नव्हतं तेव्हाही विचारायचे. मी सकाळी घालून यायचे आणि सांगायचे, प्यायला. ते गेल्यावर मी दोन दिवस थांबले हो. मग नाही राहवलं. आता विचारायला कोणी नाही, पण त्या वेळेला हात बादलीकडे जातो."

"माझ्याकडे बघू नका," आत्या लगेच म्हणाली. "मी दुपारी झाडांना पाणी घालते."

"परसात झाड कुठाय, आत्या?" धाकटीने विचारलं.

आत्याने परसभर नजर फिरवली, जणू कालपर्यंत होतं. "नाहीये ना? म्हणून तर पाणी उरायचं," ती म्हणाली आणि वहिनीच्या खांद्यावरचा हात तिने घट्ट केला.

आता हिशेब लागला असं वाटत असतानाच वहिनीने हळूच विचारलं, "आणि अहो, ती निळी बादली?"

कोपऱ्यात, जुन्या परातींच्या आड, सिमेंट कंपनीने दुकानदारांना फुकट वाटलेली निळी बादली पालथी ठेवलेली होती. बुडाला अजून ओल होती.

"दुकानात जाताना तुम्ही रोज मागच्या दाराने का जाता, ते मी विचारलं नाही," वहिनी म्हणाली. "म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

थोरल्याचे कान लाल झाले. एवढा बाप्या माणूस, गोण्यांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून ठेकेदारांना दमात घेणारा, तो पायातल्या ओल्या बुटांकडे पाहू लागला. "खणायला मऊ राहावा म्हणून घालत होतो," तो म्हणाला.

"वाळला की खणायला सोपा, असं कोण म्हणालं होतं रे?" आत्याने विचारलं.

आधी बाईच हसल्या, तोंडावर हात धरून; मग वहिनी; मग धाकटीला आठवेना आपण याआधी या परसात कधी हसलो होतो. चौघंजण एकमेकांपासून लपून एकाच हौदावर पाणी घालत होते आणि चौघांपैकी एकालाही बाबांसारखं कान देऊन ऐकायचं सुचलं नव्हतं. पाण्याचा आवाज भरल्यासारखा येतो की रिकाम्यासारखा, एवढंच तर ते ऐकायचे. बाकीच्यांनी ओतलं आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून मागे पाहिलं.

बाईंनी लांब दांड्याची पळी मागितली. पाण्याखाली खोल घालून त्यांनी चुना वर काढला आणि पळी तिरकी करून पाणी ओघळू दिलं. मागे पांढराशुभ्र, चकाकता गोळा राहिला, नुकत्याच निघालेल्या लोण्यासारखा. पळी उलटी केली तरी तो पडेना. बाईंनी ती पुन्हा सुलटी केली. मग म्हणाल्या, "मी या कामात इतकी वर्षं आहे. असा चुना मी ऐकून होते."

"म्हणजे जिवंत आहे?" धाकटीने विचारलं.

"जिवंत? जास्तीच लाड झालेत त्याचे."

बाईंनी तिथेच हौदाच्या काठावर बसून हिशेब केला. याचा भाव धरला तर गावाचा निम्मा वाटा पुरा होत होता. वर थोडं उरतही होतं. पण त्यांनी ते मोठ्याने सांगून झाल्यावर कागद मिटला आणि त्या बाजूला झाल्या. सह्या कोणाच्या लागतात हे त्यांना ठाऊक होतं.

थोरला पळीतल्या चुन्याकडे पाहत होता. "घुमटावर सिमेंट मी लावलं आणि आता हा चुना देऊन पापक्षालन करायचं," तो म्हणाला. "वरून बाबा बघणार, पुन्हा काही न बोलता."

आत्याला कोणीतरी घडवंची आणून दिली होती. तिच्यावर ती टेकली आणि तिने थोरल्याला लहानपणी मारायची तशी हाक मारली.

"ए भोपळ्या. इकडे बघ. तो का नाही बोलला, सांगू?"

थोरला वळला.

"गोण्या उतरल्या त्या दुपारी तो तारघरात माझ्या टेबलाशी आला. मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाचा गिलावा आहे वर, हा लेप टिकायचा नाही, सांग की पोराला. तर म्हणाला, टिकत नाहीच. पडू दे. गिलावा पुन्हा करता येतो. पोराची पहिली ऑर्डर पुन्हा येत नाही."

आत्याने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, जशा तिने उभ्या गावाच्या तारा वाचून दाखवल्या होत्या, एक शब्द पदरचा न घालता.

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?" थोरल्याचा आवाज चिरकला.

"मला वाटलं त्याने सांगितलं असेल. त्याला वाटलं असेल मी सांगितलं." आत्याने हौदाकडे हनुवटी केली. "या घरात सगळं असंच चालतं, बघतोयस ना?"

थोरला खाली बसला. हौदाच्या काठावर, ओल्या मातीत, रविवारच्या स्वच्छ पँटनिशी. तिथूनच त्याने बाईंना विचारलं, घुमटाला किती लागेल. जवळजवळ सगळा, बाई म्हणाल्या.

"सगळा नाही. तळाचा ठेवायचा, विरजणापुरता." तो धाकटीकडे वळला. "कळीचा चुना हल्ली मिळतो कुठे? आपल्या डीलरला विचारून बघतो. हसेल तो."

"आणि आत्याचे गुडघे?" धाकटी म्हणाली. आता तिलाच ते विचारावंसं वाटलं. भावाचे मुद्दे चुकीचे नव्हते. छप्पर गळतच होतं.

उत्तर वहिनीने दिलं, आणि ते बरेच दिवस तिच्याजवळ तयार असावं. परसाची रस्त्याकडची पट्टी गॅरेजवाल्याला भाड्याने द्यायची. गाड्या त्याच्या तिथे मावतात. मी मोजून आले आहे. दरमहा येणाऱ्या पैशांत या वर्षी गुडघे, पुढच्या वर्षी छप्पर. हौदाकडचा भाग आपला आपल्याकडे. कमी येतील, पण येत राहतील.

"त्याला सगळं परस हवंय," थोरला म्हणाला.

"त्याला सांगा, मागची जागा ओली आहे."

थोरल्याने विचार केला. "खोटं नाही त्यात," तो म्हणाला.

आत्याने सही करायचं कबूल केलं, पण एका अटीवर. खाली वाचनालय होईल तेव्हा तिचं टेबल जिथे होतं तिथे, खिडकीपाशी, तिला खुर्ची हवी. वाचायला नाही, आत येणाऱ्यांचे चेहरे बघायला. त्या दारातून माणसं नुसती, काही न कळवता आत-बाहेर करतात हे तिला एकदा बघायचं होतं. बाईंनी अट लिहून घेतली.

बाईंना पोचवायला वहिनी दारापर्यंत गेली. आत्या आत जाऊन पुन्हा स्टुलावर पाय ठेवून बसली. परसात दोघंच उरली. थोरल्याने निळी बादली सुलटी केली आणि जास्तीचं पाणी उपसायला घेतलं. धाकटी शेजारी बसली. पळीतला चुना तसाच होता. तिने तो बोटांवर घेतला, अंगठ्याने दाबला, बाबा दाबायचे तसा. गार होता, आणि इतका मऊ की बोटांमध्ये काही आहे हे दाबल्यावरच कळत होतं. आजोबांचा किती यात, बाबांचा किती, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

थोरला बादली टेकवून तिच्या हाताकडे पाहत होता.

"हात धू आधी," तो म्हणाला.

त्याच्याही ते उशिरा लक्षात आलं. त्याने घाईने बादली उचलली आणि पुन्हा हौदात बुडवली, इतक्या जोरात की दोघांच्याही अंगावर पाणी उडालं.

धाकटी उठून नळाशी गेली. चुना कधीच निघून गेला, तरी ती हात पाण्याखाली धरून उभी राहिली. बाबा गेले त्या दिवसापासून जे आलं नव्हतं ते आता आलं होतं आणि थांबत नव्हतं. नळ मोठा सोडला होता म्हणून कोणाला ऐकू जायचं नाही असं तिला वाटत होतं. मागे थोरल्याच्या बादलीचा आवाज मध्येच बंद पडला, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश.

"अगं धाकटे," खिडकीतून आत्याचा आवाज आला. "झालं असेल तर नळ बंद कर. भिंत वाळायचीय अजून."